मान हलते खरी, पण गुबूगुबू कोण वाजवतंय?

पत्र थोडं कापून देते आहे.

‘माझे यजमान ६१ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. नऊ वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिनच्या दिवसाला दोन गोळ्या. घरात सगळे शाकाहारी. गेले सात-आठ महिने त्यांच्या दोन्ही पावलांना मुंग्या येतात, रात्री जास्त. तळव्याखाली कापूस ठेवल्यासारखं वाटतं म्हणतात. आमच्या डॉक्टरांच्या कानावर घातलं, पण गर्दीत ते “बघू पुढच्या वेळी” म्हणाले. मागच्या महिन्यात माझ्या नणंदेनं आम्हाला कर्वे रस्त्याजवळच्या एका फ्लॅटमध्ये नेलं. तिथल्या बाई मसल टेस्टिंग करतात. यांना हात खांद्याच्या रेषेत आडवा धरायला लावला आणि वरून दाबला, तर हात घट्ट. मग दुसऱ्या हातात गव्हाच्या पिठाची छोटी बाटली दिली, तर हात झपकन खाली! मेटफॉर्मिनची पट्टी छातीशी धरली, पुन्हा खाली. बाई म्हणाल्या, नर्व्हस सिस्टिम थकली आहे, शरीर ही गोळी नाकारतंय. पोळी बंद, गोळी हळूहळू कमी, सकाळी तळजाईच्या टेकडीवर अनवाणी चाला आणि बारा भेटींचं पॅकेज १८,००० रुपये. यांनी त्या दिवसापासून एकच गोळी घ्यायला सुरुवात केली आहे. इंजिनिअर मुलगा म्हणतो, थोतांड आहे. पण मी तिथे होते. यांनी नाटक केलं नाही. नंतर माझाही हात धरला, तोही खाली गेला. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणू? शिवाय नणंदेची मानदुखी त्याच बाईंकडे थांबली, तिला दुखवायचं नाही. पॅकेजचे पैसे अजून भरलेले नाहीत. काय करावं? — पुण्याच्या सहकारनगरहून एक वाचक’

ताई, बाकी सगळं नंतर, आधी गोळी.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. औषधाचा डोस ठरवणं माझं काम नाही, आणि त्या फ्लॅटमधल्या बाईंचं तर नाहीच नाही. ज्या डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या त्यांना उद्या सकाळी फोन करा. किती तारखेपासून एकच घेतली जातेय ते स्पष्ट सांगा, आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर तपासून घ्या. ओशाळल्यासारखं होईल, होऊ द्या. पायांत मुंग्या असलेल्या माणसाची साखर वर राहिली तर मार बसतो तो त्याच नसांना, ज्यांच्या काळजीनं तुम्ही तिथे गेलात.

आता हाताचं. हात खाली गेला यावर माझा पूर्ण विश्वास आहे. यजमानांनी नाटक केलं नाही, आणि बहुतेक त्या बाईंनीही केलं नाही. तुमच्या मुलाचा निष्कर्ष बरोबर आहे, पण ‘थोतांड’ म्हणून तो मोकळा होतो तिथे तो तुम्हाला हरतो. कारण तुम्ही समोर बसून पाहिलेलं आहे, आणि त्याचं उत्तर त्याच्याकडे नाही.

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात नंदीबैलवाला यायचा. यंदा पाऊस होईल का, असं कुणी विचारलं की त्याचं ते वाद्य गुबूगुबू वाजायचं आणि बैल मान डोलवायचा. मान खरीच हलायची, त्यात हातचलाखी नव्हती. बैलाला पावसातलं काही कळत नव्हतं. मालकाच्या वाजवण्यातलं मात्र सगळं कळत होतं. मसल टेस्टिंगमध्ये तुमच्या यजमानांचा दंड म्हणजे तो बैल. फरक एवढाच की इथे वाजवणाऱ्यालाही आपण काही वाजवतो आहोत याचा पत्ता नसतो.

हे कसं होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमचा प्रश्नच तो आहे.

हात आडवा धरून ठेवायचं काम मुख्यतः खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू करतो. हात म्हणजे तरफ. खांद्यापासून कोपराच्या जरा वरपर्यंतचं अंतर साधारण ३० सेंटिमीटर, मनगटापर्यंतचं ५०च्या पुढे. तेवढाच जोर कोपराऐवजी मनगटावर लावला तर खांद्यावरचा भार पावणेदोन पटीच्या आसपास जातो. दाबणाऱ्याची बोटं दोन-चार सेंटिमीटर पुढे सरकली, तर पाहणाऱ्याला कळतसुद्धा नाही, पण खांद्याला कळतं. मग वेळ. ‘धरा’ म्हणून क्षणभर थांबून दाबलं तर स्नायू तयार असतो. शब्द आणि दाब एकदमच आले तर त्याला ताणून धरायला उसंत मिळत नाही. दिशा घ्या. सरळ खाली दाबणं वेगळं, किंचित पुढे ओढत खाली दाबणं वेगळं. शिवाय चौथ्या-पाचव्या खेपेपर्यंत खांदा दमतो, आणि संशयाच्या वस्तू बहुधा शेवटीच हातात येतात. या सगळ्यावर कळस म्हणजे तुमच्या यजमानांचं स्वतःचं मन. गव्हाची बाटली आहे, इथे काहीतरी गडबड निघणार, असं वाटलं की स्नायू थोडा आधीच सोडतो. तो मुद्दाम सोडत नाही. ‘पडेन, पडेन’ म्हणणारा माणूस पायरीवर अडखळतो तसंच हे आहे.

मनातली अपेक्षा अशी नकळत स्नायूंत उतरते, तिला ‘आयडिओमोटर’ परिणाम म्हणतात. विल्यम कार्पेंटर या इंग्रज डॉक्टरनं १८५२ साली हा शब्द वापरला. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरेडेनं आत्मे बोलावण्याच्या बैठकीतलं टेबल कसं फिरतं त्याचा छडा लावला. लोकांच्या हातांखाली सहज सरकतील असे पुठ्ठ्याचे थर ठेवले, आणि टेबलाच्या आधी हात सरकतात हे दाखवून दिलं. आपल्याला यासाठी इंग्लंडला जायला नको. उन्हाळ्याच्या सुट्टीत चुलत-मावस भावंडांनी गच्चीवर प्लँचेट केलेलं आठवतं का? वाटीवर सगळ्यांची बोटं टेकलेली, वाटी अक्षरांकडे निघालेली, आणि प्रत्येक जण शपथेवर सांगतोय की मी नाही ढकलली. खरंच कुणी ढकलत नसतं, आणि तरी सगळे ढकलत असतात. गावाकडच्या पाणाड्याच्या हातातली बेचकी झुकते, तळहातावरचा नारळ उभा राहतो, तेही याच कुळातलं.

मला हे इतकं ठामपणे सांगता येतं, कारण मी स्वतः ही विद्या शिकले आहे. होय. प्रॅक्टिस सुरू करून चार-पाच वर्षं झाली होती. शनिवार-रविवारची कार्यशाळा होती, प्रमाणपत्र मिळालं, बाटल्यांचा एक लाकडी डबाही मिळाला. आणि माझा हात बसला! पेशंट खूश, मी खूश. कुणाला दूध चालत नाही, कुणाला टोमॅटो. दोन महिने असं चाललं. मग माझ्याच क्लिनिकमधल्या एका सहकारी फिजिओनं शांतपणे विचारलं, ‘बाटलीत काय आहे ते तुला माहीत नसलं तरी चालेल ना?’ चालायलाच हवं होतं. शरीर सांगतंय, मी थोडीच सांगतेय? तिनं बाटल्या पाकिटांत बंद केल्या, नंबर टाकले आणि यादी स्वतःच्या खिशात ठेवली. वीस वेळा केलं. त्यातले नऊ बरोबर आले.

पहिल्यांदा राग आला. मग कारणं सुचली: पेशंटनं पाणी कमी प्यायलं होतं, खोलीत कॉम्प्युटर चालू होता, पाकिटाच्या कागदानं लहरी अडवल्या. घरी जाताना लक्ष्मी रोडच्या गर्दीत रिक्षात बसून मी ही यादी मनात मोजत होते. सातव्या कारणाला माझं मलाच हसू आलं. तो डबा अजून माळ्यावर आहे.

पुढे कळलं की मी एकटी नव्हते. रे हायमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं एक किस्सा लिहून ठेवला आहे. काही कायरोप्रॅक्टर, म्हणजे पाठीचे मणके हातानं ‘बसवणारे’ उपचारक, जिभेवर ग्लुकोज ठेवलं की हात दुबळा होतो आणि फ्रुक्टोज ठेवलं की घट्ट राहतो असं दाखवत होते. कुठलं द्रावण कुठलं हे दोन्ही बाजूंना न कळू देता तोच प्रयोग केला, तर सगळं विस्कटलं. त्यावर त्यांच्यातल्या एकाचं म्हणणं पडलं की म्हणूनच तर आम्ही असल्या चाचण्या करत नाही, त्यात हे कधी चालतच नाही. माझी सात कारणं यापुढे फिकी.

रीतसर अभ्यासही आहेत. १९८८ साली तीन अनुभवी तपासनिसांना अकरा लोकांमधली थायमिन, झिंक, ‘अ’ आणि ‘क’ जीवनसत्त्वांची स्थिती स्नायू दाबून ओळखायला सांगितली आणि रक्ततपासणीशी ताडून पाहिली. अंदाजपंचे सांगण्यापेक्षा काही वेगळं निघालं नाही. २००१ साली गांधीलमाशीच्या विषाची खरीखुरी ॲलर्जी असलेले लोक घेतले. बंद बाटलीत विष आहे की नुसतंच द्रावण, हे त्यांच्या स्नायूंवरून सांगायचं होतं. तिथेही छापा-काट्याइतकंच जमलं. ज्या विषानं माणसाचा जीव जाऊ शकतो ते ‘शरीराला’ ओळखता आलं नाही, मग गव्हाचं पीठ कसं ओळखणार?

पण माझ्यावर किंवा कुठल्या अभ्यासावर विश्वास ठेवू नका. घरी करून बघा, मुलाचं इंजिनिअरिंग कारणी लागू द्या. दोन सारख्या डब्या घ्या, एकीत मीठ, एकीत साखर. आधी उघड्यावर सराव करा. मीठ हातात असताना दंड दुबळा पडतो असं नणंदेला दाखवता येतं का, ते तिलाच बघू द्या. नक्की येईल. मग मुलानं दुसऱ्या खोलीत नाणं उडवून डबी ठरवायची, ती कागदात गुंडाळून दारात ठेवायची आणि तिथून निघून जायचं. त्याचा चेहरा कुणाला दिसता कामा नये, कारण चेहराही गुबूगुबू वाजवतो. दाबणाऱ्याला माहीत नाही, धरणाऱ्याला माहीत नाही. वीस खेपा करा, पाचपाचनंतर खांद्याला विश्रांती द्या. नुसत्या नशिबानं दहाच्या आसपास बरोबर येतील. १५ किंवा जास्त येण्याची शक्यता शंभरात दोनच, म्हणून तेवढे आले तर मला जरूर कळवा. मी माळ्यावरून डबा खाली काढीन.

यातला खरा गोंधळ नावाचा आहे, आणि तो आमच्याही धंद्याला त्रास देतो. या मसल टेस्टिंगचं मूळ नाव ‘अप्लाइड कायनेसिऑलॉजी’. नुसतं कायनेसिऑलॉजी म्हणजे हालचालींचं शास्त्र. फिजिओथेरपीच्या पदवीला तो विषयच असतो. त्याला ‘अप्लाइड’ लावून डेट्रॉइटच्या जॉर्ज गुडहार्ट या कायरोप्रॅक्टरनं १९६४ साली वेगळीच गोष्ट सुरू केली. एकेका स्नायूचं नातं एकेका अवयवाशी जोडलं, आणि पुढे बाटल्या, गोळ्या, भावना, आठवणी, सगळंच दंडाला विचारायची सोय झाली. (खेळाडूंच्या खांद्यावर दिसणारी रंगीत कायनेसिओ टेप हे तिसरंच प्रकरण, त्यात ओढू नका.)

स्नायूंची खरी तपासणी मात्र जुनी आणि कामाची आहे. १९१०च्या दशकात बॉस्टनमध्ये पोलिओच्या मुलांसाठी तिची पद्धत बसवली गेली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं नसांच्या जखमांसाठी ० ते ५ अशी श्रेणी केली, ती आम्ही आजही वापरतो. शून्य म्हणजे स्नायू जरासुद्धा आवळला जात नाही, तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलता येतं पण वरून दाबलेलं झेपत नाही, पाच म्हणजे पूर्ण ताकद. तिथे विचारायचा प्रश्न एकच असतो: हा स्नायू आणि त्याला जाणारी नस काम करते आहे का? पायाचा अंगठा वर उचलता येत नसेल तर कमरेतली एल-फाइव्ह नस आठवते. चवड्यावर उभं राहता येत नसेल तर एस-वन. दंडाला फक्त दंडाचं विचारायचं. गव्हाचं विचारलं की तो नंदीबैल होतो.

जानेवारी २०२५ आठवतो ना? सिंहगड रस्त्याच्या बाजूला गिया-बारे सिंड्रोमचे पेशंट एकामागून एक सापडायला लागले, दूषित पाण्यावर संशय होता, आकडा २००च्या आसपास गेला. त्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि ताकद बहुधा पायांकडून वर सरकत जाते. तेव्हा वॉर्डांत जे चाललं होतं ते खरं मसल टेस्टिंग. काल मांडी तीन होती, आज दोन. आता श्वासाकडे लक्ष. त्या आकड्यांवरून माणूस आयसीयूत हलवायचा की नाही ते ठरतं. म्हणून ‘मसल टेस्टिंग’ हा शब्द कुणी १८,००० रुपयांच्या पॅकेजवर चिकटवला की माझं डोकं जरा जास्तच तापतं, ते समजून घ्या.

आता यजमानांचे पाय. तुम्ही लिहिलेल्या चार गोष्टी मी दोनदा वाचल्या: नऊ वर्षं मधुमेह, नऊ वर्षं मेटफॉर्मिन, शाकाहार, आणि दोन्ही पावलांत सारख्या मुंग्या. मधुमेहानं नसा बिघडतात हे तुमच्या डॉक्टरांच्या मनात असणारच. पण दुसरा संशयित घरातच बसलेला आहे, तो म्हणजे बी-१२. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. शाकाहारी माणसाला काय ते दूध-दह्यातून. आणि मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की आतड्यातून ते शोषलं जाणं कमी होऊ शकतं. म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांत मेटफॉर्मिनवाल्यांचं बी-१२ अधूनमधून तपासा, असं म्हटलेलं आहे, मुंग्या असतील तर विशेषकरून.

आपल्या पुण्यात तर हा घरोघरचा विषय आहे. इथल्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूनं मध्यमवयीन ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं, तर त्यांतल्या ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी निघालं. २००६ साली ते छापून आलं. मांसाहार नियमित करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारींमध्ये कमतरतेची जोखीम चौपटीहून जास्त होती.

म्हणजे त्या बाईंनी गोळीकडे बोट दाखवलं ते बरोबरच की, असं नणंद म्हणेल. बोलाफुलाला गाठ पडली, एवढंच. गोळीचा संबंध असलाच तर त्यावर इलाज गोळी कमी करणं हा नाही. बी-१२ मोजणं आणि कमी असेल तर ते देणं हा आहे. साखरेची गोळी आपली जागेवर राहते.

डॉक्टरांकडे जाताना ‘पायात मुंग्या येतात’ एवढंच सांगू नका. गर्दीच्या ओपीडीत ते वाक्य वाहून जातं. कागदावर लिहून न्या: किती महिने, दोन्ही पाय सारखे की एक जास्त, बोटांपासून कुठपर्यंत चढलंय, रात्री चादर टोचते का, अंधारात तोल जातो का, तोंड धुताना डोळे मिटले की झोकांडी जाते का. हा शेवटचा प्रश्न बी-१२च्या बाबतीत फार बोलका असतो. आणि सरळ म्हणा की पायमोजे काढून पाय तपासा. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्यावर ठेवून कंप कळतो का पाहतात, १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतात, घोट्यामागे हातोडी मारतात. पाच-सात मिनिटांचं काम, फ्लॅटमधल्या तासाभरापेक्षा कितीतरी जास्त सांगून जाणारं. रक्तात एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), बी-१२, थायरॉइड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी). पुढे गरज वाटली तर न्यूरॉलॉजिस्ट एनसीव्ही सांगतील. त्यात नसेला बारीक चटके देऊन तिचा वेग मोजतात. ती नॉर्मल आली म्हणून मुंग्या मनाच्या, असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका. अगदी बारीक नसांचा बिघाड त्या तपासणीत सुटू शकतो.

एक मोठी चूक आमच्याकडे येणारे निम्मे लोक करून येतात. गल्लीतल्या दवाखान्यातून ‘ताकदीची’ लाल इंजेक्शनं आधी टोचून घेतात आणि मग रक्त देतात. ती लाल असतात ती बी-१२मुळेच. ती घेतल्यावर रिपोर्टात आकडा भरभक्कम येतो, आणि मूळ कमतरता होती की नव्हती ते कधीच कळत नाही. आधी रक्त, मग इंजेक्शन. गव्हाचंही तसंच. गव्हाचा खरा त्रास, म्हणजे सिलिॲक आजार, आहे का हे रक्तातून तपासता येतं, पण त्यासाठी तपासणीपर्यंत पोळी खाणं सुरू असावं लागतं. महिनाभर पोळी बंद ठेवून तपासायला गेलात तर रिपोर्ट फसवा येऊ शकतो. पोट बिघडणं, वजन उतरणं असं काही तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा तूर्त पोळी सुरू करा आणि बाकीचं डॉक्टरांवर सोडा. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं २०११ साली मुलांच्या अन्न-ॲलर्जीच्या सूचनांत अप्लाइड कायनेसिऑलॉजी निदानासाठी वापरू नका, असं स्पष्टच लिहिलं होतं.

आणि पुढच्या वेळेची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठायचं ते केव्हा, तेही सांगून ठेवते. पायांतली ताकद दिवसागणिक कमी होत वर चढायला लागली, एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, किंवा पायाला जखम होऊन ती चिघळली, तर.

नणंदेचं नाजूक आहे, पण तुम्हाला वाटतं तितकं नाही. तिची मान बरी झाली, हे खरं असू द्या. मानेची बरीच दुखणी काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ आली असेल. शिवाय त्या बाईंनी मान चोळली असेल, तासभर ऐकून घेतलं असेल. त्या ऐकून घेण्याची किंमत मी कमी लेखत नाही. आमच्या ओपीडीत तेच मिळत नाही, म्हणून लोक कर्वे रस्त्याच्या फ्लॅटची पायरी चढतात. हा दोष तुमचा नाही, नणंदेचाही नाही.

तेव्हा तिच्याशी मसल टेस्टिंगवर वाद घालूच नका. ‘ताई, तुम्ही यांच्यासाठी धावपळ केलीत, तुमच्यामुळे निदान पायांचं मनावर घेतलं. आता शुगरचा पेशंट म्हणून आधी रक्त तपासून घेतो, मग पुढचं बघू.’ एवढं पुरे, आणि हे तुम्ही नव्हे, यजमानांनी बोलायचं. बहीण त्यांची, पाय त्यांचे. नणंद-भावजयीच्या तोंडून निघालं की साध्या वाक्याचाही रस्सा होतो. पॅकेजचे पैसे भरले नाहीत ते उत्तम. बाईंचा फोन आला तर ‘सध्या नको’, बस्स. त्यांना पटवायची जबाबदारी तुमच्यावर नाही. मीठ-साखरेचा खेळ मात्र नणंद हसतखेळत तयार असेल तरच करा, तिला उघडं पाडायला म्हणून नको.

राहता राहिली तळजाई. सकाळचं चालणं छान, पण अनवाणी मुळीच नाही. तळव्याखाली कापूस आहे असं ज्याला वाटतं, त्याला काटा रुतलेला कळत नाही, काच कळत नाही, फोड आलेला कळत नाही. मधुमेहात पायाची जखम अशीच सुरू होते. पुढून बंद, बोटांना मोकळे बूट आणि सुती मोजे घाला. घालण्याआधी बूट उलटा करून झटकायचा, आत खडा असतो. घरातही चप्पल. देवळात जायचं झालं तर मोजे ठेवून, आणि उन्हात तापलेल्या फरशीवर नाही. रात्री झोपताना तुम्ही टॉर्च घेऊन दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. त्यांना स्वतःला वाकून दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवायचा. आणि मुंग्यांना बरं वाटावं म्हणून बादलीत गरम पाणी घेऊन पाय सोडून बसत असतील, तर ते आजपासून बंद. आंघोळीचं पाणीसुद्धा आधी तुम्ही कोपरानं बघून द्या.